भाव फक्त तुमच्यासाठी ठरवला आहे का, हे कसे तपासावे

नाशिकरोड स्थानकाहून पंचवटीला जाण्यासाठी ॲपवर टॅक्सी शोधताना घरातील दोन फोनांवर एकाच मिनिटाला भाडे पाहावे आणि वेळ दिसेल असे दोन्ही स्क्रीनशॉट जपून ठेवावेत. फरक कूपनामुळेही पडू शकतो, म्हणून ते आधी तपासावे. तरीही तफावत उरलीच, तर आपली कोणती माहिती वापरून हा दर ठरवला, असे कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी विचारावे. ४८ तासांत पोच मिळणे हा आपला हक्क आहे. टाळाटाळ झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर कळवावे. न्यूयॉर्क राज्यात २०२५ पासून ग्राहकाच्या वैयक्तिक माहितीवरून अल्गोरिदमने ठरवलेली किंमत तशी जाहीर करावी लागते. तेच बंधन इथेही हवे, हे तक्रारीत आवर्जून लिहावे.