जुन्या भुयारी कोळसा खाणीतला खडक कसा वाचावा

बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या भागात कोळसा नाही. इथला बेसाल्ट, जांभा किंवा गोकाकचा वालुकाश्म यांत तो मिळायचाही नाही. आपल्याला त्यातल्या त्यात जवळच्या कोळशांपैकी एक म्हणजे चंद्रपूर-बल्लारपूरकडचा, वर्धा खोऱ्यातल्या २५ कोटी वर्षांहून जुन्या, बाराकार नावाच्या थरांतला. तिथल्या जुन्या खाणीत अभ्यासासाठी उतरणार असाल, तर आधी एक दिवस गोकाकला काढावा. उन्हाळ्यात घटप्रभेचे पाणी ओसरले की ५२ मीटरांचा कडा उघडा पडतो, आणि एकावर एक बसलेले थर व त्यांना छेदणाऱ्या उभ्या भेगा स्पष्ट दिसतात. खाणीचे छतही थरांमधल्या फटी आणि उभ्या भेगा या दोहोंवरच सुटून खाली येते.

उतरण्यापूर्वी खाणीचा नकाशा मागून घ्यावा. ज्या ठिकाणी अनेक गॅलऱ्या (कोळसा काढताना खोदलेले बोगदे) एकाच रेषेवर अचानक थांबलेल्या दिसतात, तिथे बहुधा विभंग असतो, म्हणजे थर तुटून वर किंवा खाली सरकलेला असतो.

आत गेल्यावर, अनुभवी खाणकर्मी सोबत असतानाच, छतावर लोखंडी सळईने ठोकून पाहावे. खानापूरचा माठ घेताना आपण टिचकी मारतो, तसाच कान इथे लागतो: खणखणीत आवाज आला तर खडक घट्ट आहे, भद्द आवाज आला तर वरचा थर सुटलेला आहे आणि त्याखाली क्षणभरही उभे राहू नये. मिथेन हा पेट घेणारा वायू हवेपेक्षा हलका असल्याने छतालगत साठतो, म्हणून त्याची तपासणी तिथेच करवून घ्यावी. बंद पडलेल्या खाणीत तर कोणीही परस्पर शिरू नये.

माझ्या मते सर्वांत अधिक लक्ष पाण्याकडे द्यावे. वर्धा खोऱ्यात कोळशाच्या वर असलेला कामठी वालुकाश्म पाणी धरून ठेवतो, आणि सोडून दिलेल्या जुन्या गॅलऱ्या तर तळ्यासारख्या भरलेल्या असतात. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत असेच साठलेले पाणी फुटून ३७५ माणसे गेली. अशा धोक्यामुळेच जुन्या खोदकामांपासून ६० मीटरांच्या आत परवानगीशिवाय खोदता येत नाही. मात्र जुने नकाशे अनेकदा अपुरे असतात, त्यामुळे कागदावरच्या अंतरावर विसंबू नये. कोरड्या कोळशाला घाम फुटल्यासारखा ओलावा दिसला, किंवा कालची ठिबक आज धार झाली, तर नोंद बाहेर येऊन करावी.