पोस्टग्रेएसक्यूएलच्या व्यवहार-लॉगसाठी कम्प्रेशनची पद्धत आणि पातळी कशी ठरवावी

पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस-सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदल आधी व्यवहार-लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या भाषेत वॉलमध्ये, लिहिला जातो आणि मगच मूळ फाइलींत उतरतो. सर्व्हर निकामी झाला तर शेवटच्या बॅकअपनंतरचे व्यवहार याच लॉगमधून परत मिळवावे लागतात. त्यामुळे कम्प्रेशन, म्हणजे फाइल दाबून लहान करण्याची पद्धत, निवडताना डिस्कवरील जागा किती वाचेल हा प्रश्न दुय्यम मानावा. गर्दीच्या तासात लॉग दुसऱ्या ठिकाणी वेळेवर पोहोचतो का आणि रिस्टोअरच्या दिवशी तो किती लवकर उलगडतो, हे आधी पाहावे.

कम्प्रेशन दोन ठिकाणी करता येते. पहिले सर्व्हरच्या आत. चेकपॉइंटनंतर, म्हणजे साचलेले बदल ठरावीक काळाने मूळ फाइलींत उतरवल्यानंतर, एखाद्या पानात (डेटाच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यात) पहिला बदल झाला की पोस्टग्रेएसक्यूएल ८ केबीचे ते संपूर्ण पान लॉगमध्ये लिहिते, आणि वॉल कम्प्रेशन ही सेटिंग फक्त अशा पूर्ण पानांनाच लागू होते. २०२२ मध्ये आलेल्या १५व्या आवृत्तीपासून तिथे पीजीएलझेड या जुन्या कम्प्रेशन-पद्धतीसोबत एलझेड४ आणि झेडस्टँडर्ड हे पर्याय मिळतात, मात्र पातळी, म्हणजे किती जोर लावून दाबायचे ते, निवडता येत नाही. इथे एलझेड४ निवडावे, कारण हे काम प्रत्यक्ष व्यवहार चालू असतानाच होते आणि त्याचा प्रोसेसरवरील भार कमीत कमी असलेला बरा.

हॉटेलांच्या सॉफ्टवेअरमध्ये याचा प्रत्यय चांगला येतो. रात्री नाईट ऑडिट, म्हणजे दिवसाचा हिशेब मिटवण्याचे काम, चालले की भरलेल्या प्रत्येक खोलीच्या खात्यावर भाडे चढते, विखुरलेली पाने एकदम बदलतात आणि लॉग फुगतो. चेकपॉइंट पाच मिनिटांच्या मूळ मुदतीवर असेल, तर तीच पाने पुन्हा पुन्हा पूर्ण लिहिली जातात. म्हणून कम्प्रेशनला हात लावण्याआधी चेकपॉइंटची मुदत आणि लॉगची कमाल आकारमर्यादा वाढवून पाहावी. क्रॅशनंतरची रिकव्हरी त्यामुळे लांबते, हे मात्र ध्यानात ठेवावे. लॉगमध्ये पूर्ण पानांचा वाटा किती आहे, हे पीजी वॉलडम्प या लॉग वाचणाऱ्या साधनाच्या आकडेवारीत स्पष्ट दिसते.

दुसरे ठिकाण आर्काइव्हचे, म्हणजे लॉगच्या प्रती जपून ठेवण्याच्या जागेचे, आणि पातळीचा खरा निर्णय इथेच होतो. लॉगचे सेगमेंट, म्हणजे लॉग ज्या फाइलींत तोडून लिहिला जातो त्या, मूळ मांडणीत प्रत्येकी १६ एमबीचे असतात. निवांत दुपारचा एखादा सेगमेंट घेऊन चाचणी करू नये. आपल्याकडील सर्वांत गर्दीच्या तासातले सलग काही सेगमेंट बाजूला काढावेत. झेडस्टँडर्डच्या कमांडमध्येच बेंचमार्कची, म्हणजे वेग मोजण्याची, सोय आहे: पातळी १ ते ९ अशी मर्यादा दिली की प्रत्येक पातळीवरचे गुणोत्तर (मूळ आकार भागिले दाबलेला आकार), दाबण्याचा वेग आणि उलगडण्याचा वेग समोर येतो. ही चाचणी सर्व्हरसारखाच प्रोसेसर असलेल्या वेगळ्या यंत्रावर घ्यावी.

आता हिशेब मांडू. समजा, कळंगुटच्या एका हॉटेलात डिसेंबरमध्ये मिनिटाला सहा सेगमेंट तयार होतात, म्हणजे सेकंदाला १.६ एमबी, आणि मडगावच्या दुसऱ्या सर्व्हरकडे जाणाऱ्या लाइनचा प्रत्यक्ष वेग सेकंदाला १ एमबी आहे. कम्प्रेशनशिवाय ही लाइन पुरणारच नाही. गुणोत्तर दोन मिळाले तर सेकंदाला ०.८ एमबी जाईल आणि काम भागल्यासारखे वाटेल. पण वर्षअखेरीच्या गर्दीत कुठे रस्ता खणताना फायबर तुटली आणि लाइन चार तास बंद राहिली, तर सुमारे २३ जीबी लॉग साचेल. गर्दी तशीच राहिली, तर हा साठा दोनच्या गुणोत्तराने फेडायला १६ तास लागतील, तीनच्या गुणोत्तराने मात्र साडेचार तासांच्या आसपास. पातळी १ वरून ३ वर जावे की ५ वर, याचा निर्णय साठा फेडायला उरलेल्या या वेगावर करावा.

माझ्या मते बहुतेक ठिकाणी झेडस्टँडर्डची पातळी ३ पुरेशी असते. लाइन कमकुवत आणि प्रोसेसर मोकळा असेल तर ५ ते ९ पर्यंत जाण्यास हरकत नाही. त्यापुढे प्रोसेसरचा वेळ झपाट्याने खर्च होतो आणि आकार मात्र थोडाच घटतो. लाइन मुबलक आणि प्रोसेसर गुंतलेला असेल तर एलझेड४ घ्यावे. पातळी वाढवली तरी झेडस्टँडर्डचा उलगडण्याचा वेग जवळपास तसाच राहतो, आणि तो जीझिप या जुन्या पद्धतीपेक्षा बराच जास्त असतो. हा गुण इथे मोलाचा आहे, कारण रिकव्हरीत सेगमेंट क्रमानेच लागू होतात. बीझिप२ आणि एक्सझेड या इतर पद्धतींनी फाइल लहान होईल, पण त्या उलगडायला फार वेळ लागतो. रिकव्हरीसाठी लागणाऱ्या लॉगला ती किंमत देऊ नये. दाबलेली छायाचित्रे किंवा आधीच एन्क्रिप्ट केलेली माहिती साठवणाऱ्या डेटाबेसकडून मोठ्या गुणोत्तराची अपेक्षा ठेवू नये. लॉग एन्क्रिप्ट करायचा असेल तर आधी दाबावा, मग एन्क्रिप्ट करावा. उलट क्रमाने काहीच हाती लागत नाही.

वरच्या उदाहरणातले २३ जीबी सर्व्हरच्या वॉल फोल्डरमध्ये न दाबलेल्या अवस्थेतच पडून राहतात, कारण आर्काइव्ह यशस्वी होईपर्यंत सेगमेंट पुसले जात नाहीत. डिस्क भरली तर डेटाबेस थांबतो. म्हणून लॉग दाबून आधी त्याच नेटवर्कवरील दुसऱ्या यंत्रावर ठेवावा आणि तिथून पुढे पाठवावा.

आर्काइव्हची कमांड लिहिताना दाबलेली फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहावी, डिस्कवर पक्की करावी आणि मगच खरे नाव द्यावे. कम्प्रेशन अपयशी ठरले तर कमांडने शून्याखेरीज दुसरा कोड परत दिलाच पाहिजे (शून्य म्हणजे काम यशस्वी). पाइप, म्हणजे एका कमांडचे आउटपुट थेट दुसऱ्या कमांडला देण्याची सोय, वापरल्यास शेवटच्या टप्प्याचाच कोड परत येतो आणि मधले अपयश झाकले जाते, तेव्हा शेलमध्ये पाइपफेल ही सेटिंग चालू करावी. त्यानंतर आर्काइव्हमधील काही फाइली उलगडून मूळ सेगमेंटशी बाइट-बाइट ताडून पाहाव्यात.

पद्धत बदलल्यावर आर्काइव्हमध्ये जुन्या जीझिपच्या आणि नव्या झेडस्टँडर्डच्या फाइली शेजारी शेजारी राहतात. बदलापूर्वीचा शेवटचा बॅकअप मुदतीनुसार बाद होईपर्यंत रिस्टोअरच्या कमांडला दोन्ही प्रकार ओळखता आले पाहिजेत, आणि दोन्ही उलगडण्याची साधने मडगावच्या सर्व्हरवर आधीपासून बसवलेली असली पाहिजेत.