मध्यमवयात मन ताजे आणि कृतज्ञ कसे ठेवावे

चाळिशी-पन्नाशीत मन कोमेजते ते वयापेक्षा सवयीने. जे रोज हाताशी असते ते हळूहळू दिसेनासे होते, आणि धडधाकट पाय, शांत झोप किंवा जोडीदाराची सोबत यांचे मोल त्यांत खंड पडल्यावरच कळते. सुख अंगवळणी पडून मन पुन्हा पूर्वीच्याच पातळीवर येते, हा विचार फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्बेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये मांडला होता. म्हणून उपायही सवय मोडणारा हवा.

आठवड्यातून एक दिवस ठरवून, ज्यांबद्दल कृतज्ञता वाटते अशा चार-पाच गोष्टी वहीत लिहाव्यात. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो यांच्या २००३ च्या अभ्यासात १० आठवडे असे लेखन करणाऱ्यांना, केवळ कटकटी नोंदवणाऱ्यांच्या तुलनेत, आपल्या आयुष्याबद्दल अधिक समाधान वाटले. ‘कुटुंब’, ‘आरोग्य’ असे मोघम शब्द मात्र टाळावेत. ‘तपासणीचा अहवाल काय आला, हे मुलीने आठवणीने फोन करून विचारले’, इतके नेमके लिहावे. रोज लिहिण्याचा अट्टहास नको, कारण तीच यादी पुन्हा उतरू लागली की लेखनही यांत्रिक होते.

यादी शिळी वाटू लागली, तर उलट बाजूने विचार करावा. आपला जिवलग मित्र आपल्याला भेटलाच नसता, हे कोणकोणत्या क्षुल्लक कारणांनी घडू शकले असते, ते सविस्तर लिहून काढावे. मला ही रीत सर्वांत मोलाची वाटते, कारण तिच्यात नवे काही मिळवावे लागत नाही; आहे तेच नव्याने दिसते.

याच्या जोडीला एखादे वाद्य, भाषा किंवा पोहणे नवशिक्या म्हणून शिकावे आणि चुकण्याची लाज बाळगू नये.

कृतज्ञतेच्या नावाखाली दुःख दडपू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी टिकली, झोप-भूक हरपली, तर वहीवर विसंबून न राहता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

शेवटी, ज्यांचे आभार मानायचे राहून गेले त्यांना सविस्तर पत्र लिहून, शक्य असल्यास, ते समोर बसून वाचून दाखवावे. अशा एका भेटीचा आनंद काही आठवड्यांत ओसरतो. म्हणून पुढचे नाव आजच वहीत लिहून ठेवावे.