मणक्यातल्या गाठीचे ऑपरेशन: आधी काय विचारावे, नंतर काय पाहावे

गाठ साधी की कॅन्सरची, हे सगळेच विचारतात. त्याच्या जोडीला एवढे विचारा: गाठ मज्जारज्जूच्या बाहेर आहे की आत? श्वानोमा आणि मेनिन्जिओमा या गाठी रज्जूभोवतीच्या आवरणाच्या आत पण रज्जूच्या बाहेर असतात, बहुतेक साध्या असतात आणि सहसा पूर्ण निघतात. एपेंडायमोमा रज्जूतच वाढते, पण तिची कड बहुधा वेगळी दिसते. ॲस्ट्रोसायटोमा मात्र रज्जूत झिरपलेली असते. तिथे सगळी काढण्याचा हट्ट पायांवर बेततो.

चालता येते तोवर ऑपरेशन झाले, तर चालणे टिकण्याची शक्यता सर्वात जास्त. पाय जड पडू लागले, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर मसाज, पट्टे यांत दिवस घालवू नका. कॉन्ट्रास्ट एमआरआयपूर्वी (यात शिरेतून औषध देतात) किडनीचा त्रास असल्यास सांगा. रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची हे डॉक्टरच ठरवतील, परस्पर बंद करू नका.

पेशंटला पालथे झोपवतात आणि एक्स-रेवर मणके मोजतात. पाठीच्या मधल्या भागात मोजणी चुकण्याचा धोका खरा असतो, कारण तिथले मणके दिसायला सारखेच. मग मागचे हाड काढून आवरण उघडतात आणि मायक्रोस्कोपखाली गाठ सोडवतात. गाठ रज्जूत असेल तर न्यूरोमॉनिटरिंग, म्हणजे ऑपरेशन चालू असताना रज्जूतले संदेश यंत्रावर पाहत राहण्याची सोय, आहे का, हे आधीच विचारा. त्यातल्या डी-वेव्हची (मेंदूकडून रज्जूतून खाली जाणाऱ्या संदेशाच्या लहरीची) उंची निम्म्याहून खाली गेली, तर सर्जन हात थांबवतात. अशा गाठीसाठी रज्जू मागून मधोमध चिरावा लागतो. त्यामुळे ताकद असूनही पाय कुठे पडतोय हे कळेनासे होऊ शकते. फिजिओथेरपीने यात बरीच सुधारणा होते.

ऑपरेशननंतर काही तासांत पाय अचानक लुळे पडले, तर आत रक्त साचले असू शकते. नर्सला लगेच बोलवा, सकाळच्या राउंडची वाट पाहू नका. जखमेतून पाण्यासारखा द्रव आला, किंवा बसल्यावर डोके दुखून आडवे झाल्यावर थांबले, तर आवरणातून पाणी गळत असावे. त्याच दिवशी दाखवा. कुशीवर वळता येत नसेल तर दर दोन तासांनी वळवा. बधिर पायांना गरम पाण्याची पिशवी लावू नका. भाजले तरी कळत नाही.

पॅथॉलॉजी रिपोर्ट आणि एमआरआयची सीडी जपून ठेवा. गाठ वर्षांनीही परत येऊ शकते, आणि तेव्हा जुन्या फिल्मशीच ताडून पाहावे लागते.