हवाई पार्सल बांधण्यापूर्वी

सोलापुरी चादर किंवा टॉवेल विमानाने पाठवण्यात सहसा धोका नसतो. धोका असतो तो त्याच खोक्यात 'जागा उरली आहे' म्हणून सरकवलेल्या आणि कागदावर न लिहिलेल्या वस्तूंचा. म्हणून खोक्यातली प्रत्येक वस्तू आधी टेबलावर मांडावी आणि यादी त्यावरूनच करावी. पूजेच्या साहित्यातला कापूर ज्वलनशील घन पदार्थांत, तर सुके खोबरे आपोआप तापू शकणाऱ्या पदार्थांत मोडते, हे घरच्या मंडळींना सहसा ठाऊक नसते.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतून रंगाईच्या रसायनांचे नमुने पाठवणाऱ्यांनी अधिक सावध राहावे. व्हॅट प्रकारच्या कापड-रंगांसाठी लागणारा हायड्रो, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, दिसायला साधी पांढरी भुकटी असली तरी थोडासा ओलावा लागताच तापतो, पेट घेऊ शकतो आणि गंधकाचा गुदमरवणारा धूर सोडतो. ब्लीचिंगचे तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड स्वतः जळत नाही, पण आगीला ऑक्सिजन पुरवते. अशा मालाची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे रसायनाचे धोके सांगणारे माहितीपत्रक, पुरवठादाराकडून मागून घ्यावी आणि तिचा वाहतुकीविषयीचा चौदावा भाग वाचावा. हायड्रोसाठी तिथे यूएन १३८४ (धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), वर्ग ४.२ (आपोआप तापून पेटू शकणारे पदार्थ) असे आढळते. यूएन क्रमांक दिलेला असेल, तर प्रशिक्षित कार्गो एजंटाकडूनच प्रमाणित वेष्टन, लेबल आणि धोकादायक मालाचे घोषणापत्र करून घ्यावे. शीट मिळतच नसेल, तर नमुना पाठवू नये.

घोषणापत्र हा निव्वळ कागदी सोपस्कार वाटतो खरा, पण ११ मे १९९६ रोजी फ्लोरिडात व्हॅल्यूजेट या विमान कंपनीचे विमान कोसळून ११० जणांचा मृत्यू झाला, तेव्हा आग ज्यांमुळे लागली त्या, प्रत्यक्षात न वापरलेल्या, ऑक्सिजन जनरेटरांची (रसायनांतून प्राणवायू बनवणाऱ्या नळकांड्यांची) कागदावरची नोंद 'रिकामे' अशी होती.

लिथियम बॅटरीची आग आणखी अवघड, कारण एक सेल तापला की शेजारचाही पेटतो आणि मालकक्षातला हॅलॉन हा आग विझवणारा वायू ज्वाळा दडपत असला तरी ही साखळी थांबवू शकत नाही. म्हणून प्रवाशाने पॉवर बँक चेक-इन सामानात न टाकता हातातल्या बॅगेतच ठेवावी. त्यावर वॉट-तास छापलेले नसतील, तर मिलीअँपिअर-तासांना व्होल्टने गुणून हजाराने भागावे: २०,००० आणि ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॉट-तास. शंभरापर्यंत परवानगी लागत नाही. १०० ते १६० साठी विमान कंपनीची मंजुरी आधी घ्यावी. फुगलेली पॉवर बँक मात्र घरीच ठेवावी.