हरवलेल्या मुलांसाठीच्या वाहन रॅलीत सहभागी होताना

२५ मे हा दिवस हरवलेल्या मुलांचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून पाळला जातो. १९७९ साली याच दिवशी न्यूयॉर्कमधला सहा वर्षांचा एक मुलगा शाळेच्या बसकडे जायला घरातून निघाला, तो परतलाच नाही. या दिवसाच्या निमित्ताने निघणाऱ्या एखाद्या रॅलीत मोटारसायकल घेऊन जायचे तुमच्या मनात असेल, तर नाव नोंदवण्यापूर्वी आयोजकांकडे काही गोष्टींची चौकशी अवश्य करावी.

पोलिसांची आणि वाहतूक शाखेची लेखी परवानगी पाहायला मागावी. सहभाग शुल्क किंवा देणगी घेतली जात असेल, तर संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का आणि जमलेला पैसा नेमक्या कोणत्या कामावर खर्च होणार आहे, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. पावती घ्यावीच, आणि देणगीवर आयकरात सवलत हवी असेल तर दोन हजार रुपयांवरची देणगी रोखीने देऊ नये. कोण आधी पोहोचतो यावर बक्षीस ठेवलेले असेल, तर सरळ नकार द्यावा. शासनाच्या लेखी संमतीशिवाय रस्त्यावर वेगाची शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि मुलांच्या सुरक्षिततेचा फलक लावून तो करणे तर मुळीच शोभत नाही.

मुंबई ते पुणे असा मार्ग असल्यास दुचाकींना द्रुतगती मार्गावर बंदी असल्याने पनवेल, खोपोली, लोणावळा असा जुना महामार्गच धरावा लागतो. माझ्या मते ही सोयच आहे, कारण वाटेत गावे, एसटी स्थानके आणि चहाच्या टपऱ्या लागतात, म्हणजेच ज्यांच्याशी बोलायचे ती माणसे भेटतात. परवाना, गाडीची कागदपत्रे, विमा आणि पीयूसी जवळ ठेवावे, मागे बसणाऱ्यानेही हेल्मेट घालावे आणि घाटात सर्वांत पुढच्या गाडीला ओलांडू नये.

रॅलीचे खरे काम गाड्या थांबल्यावर सुरू होते. माझ्या पहिल्या रॅलीत खोपोलीला एका टपरीवरच्या मावशींनी आमचे पत्रक हात लांब करून धरले, डोळे बारीक केले आणि विचारले, "बाळा, फोन कुठं करायचा?" चाइल्डलाइन या मुलांसाठीच्या मदतसेवेचा १०९८ हा क्रमांक आम्ही देणगीदारांच्या बोधचिन्हांखाली, अगदी तळाशी छापला होता. तेव्हापासून मी पत्रकावर आणि गाडीच्या फलकावर १०९८ आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे दोनच क्रमांक सर्वांत वर, हाताच्या बोटाएवढ्या उंचीच्या अक्षरांत छापून घेतो.

लोकांशी बोलताना एक गैरसमज आवर्जून दूर करावा. मूल हरवल्यावर चोवीस तास वाट पाहून मगच तक्रार करता येते, असे अजूनही पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तसा कोणताही नियम नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये हरवलेल्या मुलाच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, त्यामुळे पालकांनी त्याच क्षणी पोलीस ठाणे गाठावे. चोवीस तासांची मर्यादा कायद्यात आहे, ती मूल सापडणाऱ्यासाठी: पालकांपासून दुरावलेले मूल कोणाला आढळले, तर प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत पोलीस, चाइल्डलाइन किंवा बाल कल्याण समितीला कळवणे २०१५ च्या बाल न्याय कायद्याने बंधनकारक केले आहे. फलाटावरचा हमाल, रिक्षावाला, टपरीवाला यांना हा फरक दोन मिनिटांत, शांतपणे समजावून सांगता येतो. एकटे रडणारे मूल बहुधा त्यांनाच आधी दिसते, म्हणून घोषणांपेक्षा या बोलण्याला अधिक वेळ द्यावा.

छायाचित्रांबाबत अतिशय जपून वागावे. हरवलेल्या मुलाचे चित्र फलकावर लावायचे असेल, तर पोलिसांनी प्रसिद्ध केलेलेच लावावे आणि त्यापूर्वी त्याच्या पालकांना विचारावे. वाटेत एखादे मूल सापडल्यास त्याच्यासोबत छायाचित्र काढू नये आणि त्याचे नाव, गाव, शाळा व्हॉट्सॲपच्या गटांवर टाकू नये. अशा मुलाची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे.

परतल्यावर आठवड्याभराने पोलिसांकडे चौकशी करावी. फलकावरचे मूल घरी पोहोचले असेल, तर तुम्ही लावलेला प्रत्येक फलक स्वतः जाऊन उतरवावा आणि मोबाइलवरून पाठवलेली चित्रेही पुसून टाकण्यास सर्वांना सांगावे, कारण त्या मुलाला आता पुन्हा शाळेत जायचे असते.