पट्टी कापण्याआधी फोटो काढा

बेळगावच्या टिळकवाडीत माझं मेडिकल आहे. चंदगड, खानापूर, निपाणीकडची पोरं शिकायला इथं रूम करून राहतात. परीक्षा आली की काउंटरवर एकच मागणी: "ताई, डोकं लई दुखतंय, स्ट्राँग गोळी द्या."

दोन-चार गोळ्या मागितल्या की आम्ही पट्टी कात्रीनं कापून देतो. औषधाचं नाव आणि मुदत बऱ्याचदा उरलेल्या तुकड्यावरच राहते. म्हणून कापायच्या आधी पट्टीचा मागून फोटो काढा. मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीनं दिलेलं असतं. आत काय आहे, ते बारीक अक्षरात वाचा.

त्यात पॅरासिटामॉल शोधा. डोलो 650 मध्ये ते 650 मिलिग्रॅम, कॉम्बिफ्लॅममध्ये 325, आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही असतंच. नावं वेगळी म्हणून पोरं तिन्ही एकदम घेतात. धडधाकट मोठ्या माणसाला एका वेळी 1000 आणि 24 तासांत 4000 मिलिग्रॅम ही शेवटची हद्द. दोन डोसांत किमान 4 ते 6 तास जाऊ द्या. दारू पिणाऱ्यांनी, कावीळ झालेल्यांनी किंवा वजन फार कमी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या गोळ्या जेवल्यावरच घ्या. रविवारी रात्री मेस बंद, म्हणून नुसत्या चहावर गोळी नको, आधी काहीतरी खा. दमा, अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारा. पाळीत पोटदुखीसाठी मुली घेतात त्या मेफेनॅमिक अॅसिडलाही हेच लागू.

पावसाळ्यात ताप आणि अंगदुखी असेल तर या गोळ्यांना हातच लावू नका. डेंग्यू निघाला तर रक्तस्राव वाढू शकतो. रक्त तपासून होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल.

पट्टीवर लाल रेघ आणि Rx असेल तर चिठ्ठी आणा. रूममेटची जुनी चिठ्ठी चालत नाही. मी नाही म्हटलं म्हणून पुढच्या दुकानात जाऊ नका रे!

महिन्यातले 15 दिवस डोकेदुखीची गोळी लागत असेल, तर त्या गोळीनंच डोकं दुखायला लागू शकतं. तेव्हा डॉक्टरच गाठा.

आणि कुणी जास्त गोळ्या घेतल्या असतील तर "बरा दिसतोय की" म्हणून सकाळची वाट बघू नका. पॅरासिटामॉलनं लिव्हर बिघडल्याचं एक-दोन दिवसांनी कळतं, उतारा मात्र लवकर दिला तरच नीट लागू पडतो. 108 ला फोन करा, रिकाम्या पट्ट्या सोबत न्या.